डॉजर स्टेडियमखालची जमीन: चावेझ रविनचं प्रकरण

लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागाला लागून असलेल्या चावेझ रविन या घळीतल्या टेकड्या कापून डॉजर स्टेडियम, म्हणजे डॉजर्स या बेसबॉल संघाचं मैदान, बांधलं आहे. छप्पन हजार प्रेक्षक मावतील एवढं मैदान आणि त्याच्या चहूबाजूंनी अफाट पार्किंग. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या मैदानांपैकी याच्याहून जुनी फक्त दोन, बॉस्टनचं आणि शिकागोचं. शहरातल्या मेक्सिकन वंशाच्या कित्येक घरांत या मैदानाचा विषय निघाला की आजही ऐकायला मिळतं, डॉजर्सनी आमच्या लोकांना हुसकावलं. त्यामागचं दुःख खरं आहे. दोष मात्र चुकीच्या दारात जातो, आणि त्यामुळे ज्याने उत्तर द्यायला हवं तो नामानिराळा राहतो.

तारखा क्रमाने लावल्या की चित्र बदलतं. लोकांना उठवलं ते शहर प्रशासनाने, मुख्यतः १९५० ते १९५३ या काळात, गरिबांसाठी सरकारी घरं बांधायची म्हणून. ती घरं झालीच नाहीत. जमीन ओसाड पडली. डॉजर्स, म्हणजे तोवर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला असलेला संघ, आला तो त्यानंतर, १९५७ मध्ये, आणि मोकळी केलेली जमीन त्याच्या पदरात पडली. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मधला काळ. ज्या कामासाठी जमीन सक्तीने घेतली ते कामच रद्द झालं, तर जमीन कुणाची? या प्रश्नावर शहरात बरंच काही घडलं: मतदान झालं, महापौर बदलला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. जमीन मूळ मालकांना परत द्यावी का, एवढं मात्र कुणी कधी मतदारांपुढे ठेवलं नाही.

घळीतल्या तीन वस्त्या

चावेझ रविन हे नाव हुलियान चावेझ या जमीनदारावरून आलं. १८४०च्या दशकात, लॉस एंजेलिस अजून मेक्सिकोत होतं तेव्हा, ही जमीन त्याच्या नावावर झाली. त्याआधी हा सारा मुलूख टोंगवा आदिवासींचा. म्हणजे हक्काचा हिशेब खोलवर जाऊन मांडायचा म्हटलं तर तो १९५० ला सुरू होत नाही. पुढे शहर वाढलं तशी, जे नजरेआड ठेवायचं त्यासाठी ही घळ सोयीची ठरली. देवीच्या साथीतल्या रुग्णांना इथे आणून ठेवलं. ज्यू समाजाची शहरातली पहिली दफनभूमी इथेच होती. नंतर विटांच्या भट्ट्या आल्या.

विसाव्या शतकात इथे पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप या तीन वस्त्या उभ्या राहिल्या. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. कुणी मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धामधुमीत सीमा ओलांडून आलेले, कुणी रेल्वेवर आणि कारखान्यांत मजुरी करणारे. शहरात इतरत्र घर घ्यायची सोय नव्हती, कारण अनेक भागांत घरांच्या खरेदीखतातच गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही अशी अट असे. इथे मात्र जागा घेता येत होती आणि हळूहळू, हातात पैसा येईल तशी, खोलीला खोली जोडत घर बांधता येत होतं. परसात मका, भाजीपाला, कोंबड्या, उतारावर चरणाऱ्या शेळ्या. सांतो निन्यो नावाचं चर्च होतं, पालो व्हेर्देची शाळा होती, किराणा मालाची दुकानं होती. बरेचसे रस्ते कच्चे. पावसाळ्यात चिखल होई.

या कच्च्या रस्त्यांचा पुढे लोकांविरुद्धच पुरावा म्हणून वापर झाला, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. रस्ते, दिवे, गटारं ही कामं शहराची. ती शहराने इथे नीट केली नाहीत. मग त्याच शहराच्या पाहणीत वस्ती 'बकाल' ठरली, आणि बकाल वस्ती हटवणं हे लोकहिताचं काम म्हणून पुढे आलं. घरात बाथरूम आहे का, छत कशाचं आहे, हे पाहणीत लिहिलं गेलं. घर मालकीचं आहे का, त्यावर कर्ज आहे का, शेजारी कोण नात्याचं राहतं, याला त्या पाहणीत वजन नव्हतं.

२४ जुलै १९५०

अमेरिकी संसदेने १९४९ मध्ये गृहनिर्माण कायदा केला आणि शहरांना सरकारी घरांसाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. लॉस एंजेलिसने दहा हजार घरांचा करार केला. तेव्हा नगर परिषदेत त्याला एकमताने मंजुरी मिळाली होती. सगळ्यात मोठा प्रकल्प चावेझ रविनमध्ये होणार होता. त्याचं नाव एलिशियन पार्क हाइट्स, आणि आराखडा रिचर्ड नॉयट्रा व रॉबर्ट अलेक्झांडर या वास्तुरचनाकारांचा. तेरा मजली चोवीस इमारती, दीडशेहून जास्त दुमजली इमारती, मिळून तीन हजारांवर घरं. नॉयट्रा जगप्रसिद्ध माणूस होता, आणि प्रकल्पामागच्या मंडळींचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. गरीब कुटुंबांना उजेड, हवा, पाणी असलेलं घर कमी भाड्यात मिळावं, त्यात काळा-गोरा भेद नसावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण ज्याचं स्वतःचं अंगण आहे त्याला तेराव्या मजल्यावर भाडेकरू व्हायचंय का, हे त्यांनी गृहीत धरलं.

२४ जुलै १९५० या तारखेचं पत्र शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने घरोघरी पाठवलं. तुम्ही राहता ते घर प्रकल्पाच्या जागेत येतं, किंमत ठरवण्यासाठी आमची माणसं घर बघायला येतील, खरेदीला निदान काही महिने लागतील, दुसरं घर शोधायला आम्ही सगळी मदत करू. आणि शेवटी आश्वासन: नवी वसाहत तयार झाली की परत यायची पहिली संधी तुम्हाला. बहुतेक कुटुंबांनी या कागदाच्या भरवशावर घर सोडलं. हजाराच्या वर कुटुंबं होती. लवकर विकलं त्यांना बऱ्यापैकी किंमत मिळाली, मागे राहिलेल्यांना कमी कमी देऊ केली गेली, असं तिथले लोक पुढे सांगत राहिले. ज्यांनी नकार दिला त्यांची घरं सक्तीच्या भूसंपादनाखाली कोर्टात गेली. रिकामी झालेली घरं पाडली गेली, काही तर अग्निशमन दलाच्या सरावासाठी जाळली.

जे गेले ते कुठे गेले याची पद्धतशीर नोंद शहराने ठेवली असती, तर आज निम्मं काम सोपं झालं असतं.

प्रकल्प बुडाला तो कसा

शहरातल्या घरबांधणी आणि जमीन व्यवसायातल्या बड्या लोकांना सरकारी घरं नको होती. लॉस एंजेलिस टाइम्स हे वजनदार वृत्तपत्र त्यांच्या बाजूला होतं. शीतयुद्धाचा काळ, त्यामुळे विरोध करायला शब्द तयार होता: हा समाजवाद आहे. डिसेंबर १९५१ मध्ये नगर परिषदेने घूमजाव केलं आणि स्वतःच केलेला करार रद्द करायचा ठराव केला. कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, असा एकतर्फी रद्द करता येणार नाही. तरीही जून १९५२ मध्ये लोकांचं मत घेतलं गेलं आणि मतदारांनी सरकारी घरांच्या विरोधात कौल दिला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भूसंपादनाच्या एका सुनावणीत फ्रँक विल्किन्सन साक्षीला उभा होता. प्राधिकरणाचा हा मोठा अधिकारी, चावेझ रविनमध्ये दारोदार जाऊन लोकांना प्रकल्प पटवून देणारा. जागामालकांच्या वकिलाने मध्येच विषय बदलून विचारलं की आजवर तुम्ही कोणकोणत्या राजकीय आणि इतर संघटनांचे सभासद होता. विल्किन्सनने उत्तर द्यायला नकार दिला. वकिलाच्या हातात एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने जमवलेली माहिती होती. विल्किन्सनची नोकरी गेली आणि प्रकल्पावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसला. पुढे संसदीय समितीपुढेही तो गप्प राहिला आणि त्याबद्दल १९६१ मध्ये तुरुंगात गेला. आपल्या शब्दावर विसंबून लोकांनी घरं सोडली, याची खंत त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात उघडपणे बोलून दाखवली. या प्रकरणातल्या अधिकाऱ्यांपैकी एवढं करणारा दुसरा कुणी मला दिसत नाही.

१९५३ मध्ये सरकारी घरांचा पुरस्कर्ता महापौर फ्लेचर बाउरन हरला, आणि विरोधाच्या लाटेवर नॉरिस पूलसन निवडून आला. त्याने केंद्राशी वाटाघाटी करून एलिशियन पार्क हाइट्स गुंडाळलं. शहराने ती जमीन केंद्राकडून सुमारे पावणेतेरा लाख डॉलरला, म्हणजे खर्चाच्या मानाने बऱ्याच स्वस्तात घेतली. अट एकच, ती सार्वजनिक कामासाठी वापरायची.

सगळं प्रकरण इथे वळण घेऊ शकलं असतं. घरं पाडली गेली होती, पण जमीन तिथेच होती, मालकांची नावं कोर्टाच्या आणि प्राधिकरणाच्या कागदांवर होती, लोक त्याच शहरात होते. शहराला परतीची योजना करता आली असती. जमिनीचे तुकडे मूळ किमतीला परत देऊ करता आले असते. सरकारी घरांच्या विरोधात मत देणाऱ्यांनी खासगी मालकीचा एवढा कैवार घेतला होता, पण इथल्या खासगी मालकांची आठवण त्यांना झाली नाही. 'परत यायची पहिली संधी' हे आश्वासन वसाहतीबद्दल होतं, वसाहत झाली नाही, म्हणून आश्वासनही संपलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. तोंडाला पानं पुसली ती या वर्षी.

ब्रुकलिनहून आलेला संघ

ब्रुकलिन डॉजर्सचा मालक वॉल्टर ओमॅली याला न्यूयॉर्कमध्ये नवं मैदान हवं होतं आणि तिथले सत्ताधारी त्याला हवी ती जागा देत नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर अजून मोठ्या लीगचा एकही बेसबॉल संघ नव्हता. १९५७ मध्ये हेलिकॉप्टरमधून लॉस एंजेलिस बघताना त्याच्या नजरेत महामार्गांच्या मधोमध असलेली ही मोकळी जागा भरली. ऑक्टोबर १९५७ मध्ये नगर परिषदेने १० विरुद्ध ४ मतांनी करार मंजूर केला. डॉजर्सनी शहराला आपलं दक्षिण लॉस एंजेलिसमधलं छोटं रिगली फील्ड मैदान द्यायचं, शहराने त्यांना सुमारे तीनशे एकर द्यायची. शहर जमीन सपाट करण्यावर वीस लाख डॉलरपर्यंत खर्च करणार, जिल्हा प्रशासन रस्ते बांधणार. मैदान मात्र ओमॅली स्वतःच्या पैशाने बांधणार आणि त्यावर मालमत्ता कर भरणार. आजच्या अमेरिकेत संघमालक मैदानासाठीही जनतेचा पैसा मागतात, त्या तुलनेत हा करार शहराला वाईट नव्हता, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचा मुद्दा चूक नाही. फक्त हिशेबाच्या दोन्ही बाजूंना शहर आणि संघच आहे. तिसऱ्या पक्षाचा रकानाच नाही.

विरोधकांनी करार लोकांसमोर न्यायला भाग पाडलं. मतदान ३ जून १९५८ ला. दोन दिवस आधी टीव्हीवर पाच तासांचा कार्यक्रम झाला, त्यात तेव्हाचा नट रोनाल्ड रेगन कराराच्या बाजूने बोलला. बाजूने ३,५१,६८३ आणि विरोधात ३,२५,८९८ मतं पडली. लढत चुरशीची झाली, पण वाद होता तो सार्वजनिक जमीन एका खासगी धंद्याला द्यावी की नाही याचा. उठवलेल्या माणसांचा विषय एडवर्ड रॉयबलसारख्या मोजक्या परिषद सदस्यांनी लावून धरला. शहराच्या परिषदेत विसाव्या शतकात निवडून आलेला हा पहिला मेक्सिकन-अमेरिकन सदस्य.

मग खटले. खालच्या न्यायालयाने करार बेकायदा ठरवला. जानेवारी १९५९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. करार एकूण पाहता शहराला त्यातून जे मिळतं ते सार्वजनिक हिताचं असेल, तर दुसऱ्या बाजूला खासगी फायदा झाला म्हणून तो बाद होत नाही, असा न्यायालयाचा रोख होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अपील काढून टाकलं. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेल. पण याचा अर्थ असा होतो की 'सार्वजनिक काम' हे कारण जमीन घेताना एक असलं तरी चालतं आणि देताना वेगळं असलं तरी चालतं. मधल्या मधे मालकाला पुन्हा विचारायची गरज नाही. सक्तीचं भूसंपादन जिथे जिथे होतं तिथल्या प्रत्येक प्रकल्पग्रस्ताने या वाक्यापाशी थांबून विचार करावा.

८ मे १९५९

इतकं होऊनही घळीत मूठभर कुटुंबं टिकून होती. त्यात मॅन्युएल आणि आवराना आरेचिगा यांचं कुटुंब. विसाच्या दशकापासून मालविना अव्हेन्यूवरच्या घरात राहणारं. त्यांच्या मालमत्तेचा मोबदला कोर्टाने १०,०५० डॉलर ठरवला होता आणि त्यांची मागणी १७,५०० ची होती. कोर्टात जमा झालेले पैसे त्यांनी उचललेच नाहीत. जागा कागदोपत्री १९५३ लाच त्यांच्या हातून गेली होती. ते हलले नाहीत.

शुक्रवार, ८ मे १९५९. शेरीफचे शिपाई आले, बरोबर बुलडोझर आणि टीव्हीचे कॅमेरे. कुटुंबातली मुलगी ऑरोरा व्हार्गस घराबाहेर यायला तयार नव्हती. तिचा नवरा दुसऱ्या महायुद्धात मारला गेला होता. चौघांनी हात-पाय धरून तिला उचललं आणि पायऱ्यांवरून खाली आणलं. तो फोटो पुढे अनेक पुस्तकांत आणि भिंतीचित्रांत आला. माणसं बाहेर पडताच काही वेळात बुलडोझरने घर आडवं केलं. कुटुंबाने तिथेच तंबू ठोकला आणि मुलाबाळांसकट त्यात राहिलं.

शहर हळहळलं, पण थोडेच दिवस. आरेचिगा कुटुंबाच्या मालकीची शहरात आणखी घरं आहेत, असं वृत्तपत्रांनी छापलं आणि सहानुभूती ओसरली. मला ही बाब नीट तपासून बघावीशी वाटते, कारण यातच प्रकरण मिटवलं गेलं. आरेचिगांनी आपण बेघर होऊ असा दावा कोर्टात केलेला नव्हता. त्यांचा वाद किमतीचा होता आणि शब्द मोडल्याचा होता. ज्याच्याकडे दुसरं घर आहे त्याच्या पहिल्या घराची किंमत कमी द्यावी, असा कुठलाच कायदा नाही. उलट बाजूने पाहा: उरलेल्या दहा-बारा खासगी तुकड्यांचे मालक अडून बसले, तेव्हा ओमॅलीने ते सुमारे पाच लाख डॉलर देऊन विकत घेतले. सरकारच्या मूल्यांकनाच्या कितीतरी पट. मोबदला वाढवून मागणारा माणूस लोभी ठरला तो फक्त सरकारशी गाठ पडली तेव्हा.

सप्टेंबर १९५९ मध्ये कुदळ मारली गेली. टेकड्या उतरवल्या, घळी भरल्या, सुमारे ऐंशी लाख घनयार्ड माती हलवली. पालो व्हेर्देची शाळा पाडली सुद्धा नाही. तिचं छप्पर काढलं, वर्गखोल्या मातीने भरल्या आणि त्यावर पार्किंग आलं. १० एप्रिल १९६२ ला पहिला सामना झाला. डॉजर्स सिनसिनाटीकडून ६-३ असे हरले.

नंतर

मेक्सिकन-अमेरिकन समाजातल्या बऱ्याच लोकांनी वर्षानुवर्षं या मैदानाकडे पाठ फिरवली. १९८१ मध्ये डॉजर्सचा गोलंदाज फर्नांडो व्हॅलेन्झुएला गाजू लागला. मेक्सिकोतल्या सोनोरामधल्या लहानशा गावातला वीस वर्षांचा पोरगा, डावखुरा, चेंडू टाकताना आकाशाकडे बघणारा. त्याला बघायला शहराच्या पूर्व भागातली कुटुंबंच्या कुटुंबं येऊ लागली. आज स्टेडियममध्ये स्पॅनिश कानावर पडत नाही असा सामना नाही. काही जण याला जखम भरणं म्हणतात. मला ते घाईचं वाटतं. आजोबांनी न चढलेली पायरी नातू आनंदाने चढतो, हे खरं, आणि त्यात गैर काही नाही. पण खेळाडूवर प्रेम केल्याने जमिनीचं देणं फिटत नाही.

उठवलेल्या कुटुंबांनी स्वतःला 'लोस देस्तेरादोस', हद्दपार झालेले, असं नाव घेतलं. ती आणि त्यांची मुलं-नातवंडं वर्षातून एकदा स्टेडियमच्या शेजारच्या एलिशियन पार्कमध्ये जमतात, जेवतात, जुने फोटो काढून बसतात.

जमिनीचं मोल दरम्यान कुठल्या कुठे गेलं. २०१२ मध्ये संघ दोन अब्ज डॉलरच्या पुढे विकला गेला. आधीचा मालक फ्रँक मॅकोर्ट याने भोवतालच्या जमिनीत वाटा ठेवून घेतला. २०१८ पासून युनियन स्टेशन हे रेल्वे स्थानक ते स्टेडियम असा रोपवे करायचा घाट त्याच्याशी संबंधित कंपनीने घातला, आणि मार्गातल्या चायनाटाउन व आसपासच्या वस्त्यांनी त्याला कडवा विरोध केला. आपलीही चावेझ रविनसारखी गत होईल, ही भीती त्या विरोधात बोलली जाते.

२०२४ मध्ये राज्याच्या विधानसभेत वेंडी कॅरिओ यांनी चावेझ रविनच्या भरपाईचं विधेयक मांडलं. मूळ मसुद्यात विस्थापितांना आणि वारसांना भरपाई, कायमचं स्मारक, अशा मागण्या होत्या. दुरुस्त्या होता होता भर उरला तो कृतिदल नेमून अभ्यास करण्यावर. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. सप्टेंबरमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते नामंजूर केलं. हे काम स्थानिक पातळीवर व्हावं असं त्यांचं म्हणणं. एका अर्थी ते बरोबर आहे, कारण पत्र शहराच्या प्राधिकरणाने पाठवलं होतं, कोर्टात शहराची यंत्रणा गेली होती आणि जमीन दिली ती शहराने. तेव्हा नगर परिषदेने स्वतःच्या नावाने ठराव करावा: भूसंपादनाच्या फायली उघडाव्यात, प्रत्येक तुकड्याचा मालक, ठरलेली किंमत आणि दिलेली किंमत जाहीर करावी, भाडेकरूंची नावं शोधावीत आणि वारसांशी बोलायला बसावं. संघाने आणि जमिनीत वाटा असलेल्यांनी त्या टेबलावर यावं, पण यजमान शहरच हवं. आणि हे लवकर व्हायला हवं, कारण २४ जुलै १९५० ला जे मूल दहा वर्षांचं होतं, ते आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, आणि कुठलं घर कुणाचं होतं हे सांगणारी साक्ष त्याच्याकडेच आहे.